जो नंबर गाण्यात एकदाही उच्चारला नाही

२७ ऑगस्ट २०१७. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवूडमध्ये एमटीव्हीच्या व्हिडिओ पुरस्कारांचा सोहळा चालू होता. लॉजिक नावाचा रॅपर मंचावर आला. त्याच्यासोबत अलेसिया कारा आणि खालिद हे दोन तरुण गायक. गाणं पुढे सरकलं तशी मंचावर आणखी माणसं येऊन उभी राहिली. जीव देण्याचा प्रयत्न करून त्यातून वाचलेली ही माणसं. अंगात टी-शर्ट, त्यांवर एक फोन नंबर, आणि तू एकटा नाहीस अशा अर्थाचे शब्द.

तो नंबर होता १-८००-२७३-८२५५. अमेरिकेच्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनचा. तिकडे सगळे तिला नुसतं ‘लाइफलाइन’ म्हणत. गाण्याचं नावही तेच होतं, नुसता आकडा. पण गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं तर लक्षात येतं, की हा नंबर त्यात कोणीही, एकदाही उच्चारत नाही.

हेल्पलाइनचा प्रचार म्हटलं की आपल्याकडे आधी आकडा मोठा करतात. फलकावर, भिंतीवर, बातमीच्या शेवटी चौकटीत. या प्रकरणात आकडा फक्त नावात राहिला आणि गाण्याच्या पोटात आलं ते फोनवरचं बोलणं. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला. पुढे झालेल्या मोजमापाकडेही मी याच नजरेने पाहतो.

फोन हातात असतो, नंबरही माहीत असतो

लाइफलाइन सुरू झाली १ जानेवारी २००५ ला. फोन कुठूनही केला तरी तो शक्यतो त्या भागातल्या संकटकालीन केंद्राकडे वळवायचा, अशी रचना. देशभरातली दीडशेहून जास्त केंद्रं या जाळ्यात होती. म्हणजे यंत्रणा होती, नंबर होता, फोन फुकट होता. तरीही १९९९ नंतर अमेरिकेतलं आत्महत्यांचं प्रमाण वाढतच गेलं. २०१७ या एका वर्षात ४७,१७३ माणसांनी आपला जीव संपवला.

नंबर ठाऊक असूनही माणूस फोन का करत नाही, हे एकदा स्वतःला त्या जागी ठेवून बघावं. रात्रीचे दोन वाजलेत. फोन लावला, तर पलीकडून कोण बोलेल? बाई की पुरुष? पहिलं वाक्य काय बोलायचं? ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे वाक्य आपण आयुष्यात कुणापुढे मोठ्याने म्हटलेलं नसतं. ते अनोळखी माणसाला कसं सांगायचं? तो घाबरून पोलीस पाठवेल का? घरी कळेल का? आणि सगळ्यात चिवट शंका अशी, की माझं दुःख फोन करण्याइतकं मोठं आहे तरी का? लोक याहून वाईट सोसतात, मी उगाच कुणाचा वेळ खातोय.

यातल्या एकाही प्रश्नाला फलकावरचा आकडा उत्तर देत नाही. आकडा दार कुठे आहे ते सांगतो. दाराआड काय आहे याची भीती तशीच राहते.

गाणं कसं बांधलं आहे

लॉजिकचं पूर्ण नाव सर रॉबर्ट ब्रायसन हॉल दुसरा. (यातलं ‘सर’ हे नावच आहे, पदवी नव्हे.) जन्म १९९० चा, मेरीलँड राज्यातला. लहानपणी घरात व्यसन होतं, ओढाताण होती. मोठेपणी चिंतेच्या विकाराने त्याला किती छळलं, हे त्याने जाहीरपणे सांगितलं आहे. चाहते भेटायचे आणि म्हणायचे, ‘तुझ्या गाण्यांनी माझा जीव वाचवला.’ त्याच्याच सांगण्याप्रमाणे, ती गाणी त्याने तसा काही हेतू धरून केलेली नव्हती. मग त्याच्या मनात आलं, नकळत एवढं होत असेल, तर ठरवून केल्यावर काय होईल? २८ एप्रिल २०१७ ला हे गाणं आलं. पुढे ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

ओळी इथे देत नाही, रचना सांगतो. पहिल्या भागात फोन करणारा बोलतो. जगायची इच्छा उरली नाही, हे तो आडवळणाने सांगत नाही, सरळ म्हणतो. दुसऱ्या भागात पलीकडचा आवाज येतो, हेल्पलाइनवरच्या माणसाचा. तो उपदेश करत नाही, आईबापांची आठवण काढून लाजवत नाही. तू जगावंस असं मला वाटतं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणतो. शेवटच्या भागात फोन करणारा परत बोलतो. त्याचं दुःख संपलेलं नाही, पण आता त्याला जगायचं आहे. ध्रुवपदाची चाल तीच राहते. शब्द तेवढे बदलतात, नकोसेपणाकडून हवंसं वाटण्याकडे.

ऐकणाऱ्याने अजून फोन लावलेला नसतो. पण फोन लावल्यावर काय होतं, हे त्याने ऐकलेलं असतं. पहिलं अवघड वाक्य दुसऱ्या कुणीतरी त्याच्या आधी म्हणून ठेवलेलं असतं, आणि ते ऐकून पलीकडचा माणूस दचकला नाही, हेही त्याला कळलेलं असतं.

हे तंत्र मराठी माणसाला परकं नाही. एकनाथांच्या भारुडात नाथ स्वतः बाजूला होतात आणि बहिरा बोलतो, मुका बोलतो, जोशी बोलतो. सांगायचं ते पात्राच्या तोंडून येतं, म्हणून ते ऐकणाऱ्याच्या अंगावर येत नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या लोकांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तरं त्यांच्याकडूनच काढून घेत. लोकशिक्षणाला संवादाचा घाट देणं ही आपली जुनी रीत आहे. आरोग्याच्या जाहिराती करताना मात्र आपण ती विसरतो आणि सूचनाफलकाची भाषा उचलतो.

मोजलं तेव्हा काय दिसलं

गाणं आलं त्याच दिवशी लाइफलाइनकडे येणारे फोन वाढले. आदल्या शुक्रवारच्या तुलनेत २७ टक्क्यांनी, असं तेव्हा सांगितलं गेलं. पण एका दिवसाच्या आकड्यावर फार विसंबू नये. खरं काम नंतर झालं. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातले थॉमस नीडरक्रोटेंथालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या नऊ वर्षांतले लाइफलाइनचे फोन आणि अमेरिकेतल्या आत्महत्यांच्या सरकारी नोंदी, दोन्ही एकत्र मांडून तपासले. गाण्याची चर्चा कधी किती झाली, हे त्यांनी ट्विटरवरून मोजलं. तीन शिखरं ठळक दिसली: गाणं आलं ते दिवस, ऑगस्टमधला एमटीव्हीचा सोहळा, आणि २८ जानेवारी २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये झालेला ग्रॅमी सोहळा.

हा अभ्यास डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. सर्वाधिक चर्चेच्या ३४ दिवसांत अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले होते, म्हणजे ६.९ टक्के वाढ. आणि त्याच दिवसांत आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या होत्या, ५.५ टक्क्यांची घट.

दुसरा आकडा वाचून कुणालाही भरून येईल. मलाही आलं. पण २४५ ही संख्या म्हणजे मोजून ठेवलेली माणसं नव्हेत. नेहमीच्या चढउतारावरून जो अंदाज बांधला होता, त्याच्याशी केलेली ही तुलना आहे. संशोधकांनी दिलेली मर्यादा ३६ पासून ४५३ पर्यंत पसरली आहे. त्या दिवसांत जे वाचले त्यांनी गाणं ऐकलं होतं का, फोन केला होता का, हे या नोंदींवरून कळायला मार्ग नाही. लाइफलाइनचे तेव्हाचे संचालक जॉन ड्रेपर हेही लेखकांपैकी एक आहेत, हेही नमूद करायला हवं. शिवाय परिणाम दिसला तो चर्चेच्या शिखरांभोवतीच. म्हणजे एकदा गाजलेलं गाणं वर्षानुवर्षं काम करत राहील, असा अर्थ यातून निघत नाही.

तरीही मी हे प्रकरण महत्त्वाचं मानतो. प्रचार आणि मृत्यूचं प्रमाण यांचा संबंध इतक्या नेटकेपणाने फार कमी वेळा मोजला गेला आहे, आणि जेव्हा मोजला गेला तेव्हा बहुतेकदा उत्तर उलट्या दिशेचं आलं आहे.

फोन वाढले म्हणजे जीव वाचले, असं नाही

त्याच वसंतात, गाण्याच्या चारच आठवडे आधी, ३१ मार्च २०१७ ला एक स्ट्रीमिंग मालिका आली होती. विषय एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येचा. २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की त्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या १० ते १७ वयाच्या मुलांमधलं आत्महत्यांचं प्रमाण २८.९ टक्क्यांनी वाढलं होतं. या निष्कर्षावर नंतर आक्षेपही घेतले गेले, वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण निर्मात्यांनी जुलै २०१९ मध्ये त्यातलं आत्महत्येचं दृश्य काढून टाकलं. एकाच देशात, एकाच ऋतूत, एकाच विषयावर दोन कलाकृती, आणि तपासाअंती दिसलेल्या दिशा परस्परविरुद्ध.

त्याच्या तीन वर्षं मागे जाऊ. ११ ऑगस्ट २०१४ ला अभिनेते रॉबिन विल्यम्स गेले. बातम्यांमध्ये तपशिलांचा पूर आला. सोबत लाइफलाइनचा नंबरही पुष्कळ ठिकाणी छापला गेला. एरवी दिवसाला चार ते सहा हजार फोन यायचे, दुसऱ्या दिवशी जवळपास तेरा हजार आले. नंबर पोचवण्याच्या दृष्टीने पाहिलं तर हे मोठंच यश. पण पुढच्या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा १,८४१ आत्महत्या जास्त झाल्या, सुमारे १० टक्के वाढ. दोन्ही प्रसंगांत नंबर लोकांपर्यंत गेला. एकात त्याच्यासोबत सुटकेची गोष्ट होती, दुसऱ्यात मृत्यूची.

व्हिएन्नाच्या माणसांनी हा विषय हाती घ्यावा, याला जुनं कारण आहे. त्या शहरात १९७८ पासून भुयारी रेल्वे आहे. ऐंशीच्या दशकात तिथल्या आत्महत्यांच्या बातम्या भडक छापल्या जायच्या आणि आत्महत्या वाढत होत्या. १९८७ मध्ये पत्रकारांना मार्गदर्शक सूचना दिल्या गेल्या, वृत्तपत्रांनी त्या पाळल्या, आणि सहा महिन्यांत भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या जवळपास ८० टक्क्यांनी उतरल्या. नीडरक्रोटेंथालर यांनी २०१० मध्ये पुढचा प्रश्न घेतला: गप्प राहण्याने जीव वाचतात, तर बोलण्यानेही वाचतात का? संकटातून सावरलेल्या माणसाची गोष्ट छापली, तर तिचा संरक्षक परिणाम दिसतो, असं त्यांना आढळलं. त्याला त्यांनी पापागेनोचं नाव दिलं. मोझार्टच्या १७९१ च्या संगीतिकेतला हा पाखरं पकडणारा. तो जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला दुसरी वाट आठवून देतात. लॉजिकचं गाणं म्हणजे या विचाराची देशव्यापी परीक्षाच झाली. फक्त ती कुणी आखलेली नव्हती.

पलीकडे फोन उचलणारं कुणी आहे का

रॉबिन विल्यम्स गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या त्या तेरा हजार फोनांपैकी उचलले गेले ५७ टक्के. या आकड्यावर मी बराच वेळ थांबलो. उरलेल्यांपैकी काहींनी परत लावला असेल, काहींनी नसेल. वर्षानुवर्षं मनाशी झगडून एकदाचा फोन लावायचा आणि कानात नुसती घंटी वाजत राहायची. असं ज्याचं झालं असेल, त्याला पुन्हा फोन कर म्हणून कुणी सांगायचं आणि कोणत्या तोंडाने?

म्हणून प्रचार आणि मनुष्यबळ ही दोन खाती वेगळी ठेवता येत नाहीत. गाणं गाजेल, सोहळा दूरचित्रवाणीवर दिसेल, हे आधी ठाऊक असतं. त्या रात्रीची पाळी दुप्पट लावता येते. फोन कधी वाढतील याचा अंदाज असणं हा ठरवून केलेल्या प्रचाराचा एक फायदाच आहे. अपघाताने पसरलेल्या बातमीला तो मिळत नाही.

अमेरिकेत पुढे नंबरच बदलला. एवढा लांब नंबर लक्षात राहत नाही, म्हणून १६ जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी नंबर सुरू झाला. जुना नंबर बंद केलेला नाही. तो लावला तरी फोन तिथेच पोचतो. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण ते गाणं कुणी आजही ऐकतं आणि त्याचं नावच डायल करतं.

आपल्याकडे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात भारतात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. राज्यांमध्ये सर्वांत जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. त्याच वर्षी, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारने टेली-मानस सुरू केलं. नंबर १४४१६. रात्रंदिवस चालू, पैसे लागत नाहीत, मराठीसह वीस भाषांत बोलता येतं. पहिल्या दोन वर्षांत तिथे १४ लाखांहून जास्त फोन आले. त्याआधी २०२० मध्ये ‘किरण’ नावाची हेल्पलाइन आली होती, अकरा आकड्यांची. त्या मानाने पाच आकडे म्हणजे मोठीच सोय.

पण लक्षात राहण्याचं गणित नुसतं आकड्यांच्या संख्येवर नसतं. १९९६ मध्ये मुंबईत मुलांसाठीची चाइल्डलाइन सुरू झाली, नंबर १०९८. रस्त्यावरच्या मुलांनी तो ‘दस-नौ-आठ’ असा म्हणायला घेतला. उलटे अंक, खेळातल्या मोजणीसारखे. मुलांच्या तोंडी बसलेला असा उच्चार कोणत्याही जाहिरात कंपनीला सुचला नसता. १४४१६ मराठीत कसं म्हणायचं? चौदा-चारशे सोळा? एक-चार-चार-एक-सहा? चौदा, चव्वेचाळीस... नाही, हे चुकतंच. वेगवेगळ्या लोकांना म्हणायला सांगून पाहा, प्रत्येकजण निराळं म्हणेल. ज्याला ठरलेला उच्चार नाही, असा नंबर घाबरलेल्या माणसाला रात्री दोन वाजता आठवत नाही. माझं मत विचाराल तर ‘चौदा, चार, सोळा’ हे तोंडात बसतं आणि लिहिलेल्या अंकांशी जुळतंही: १४, ४, १६. आशा ताई, शिक्षक, आकाशवाणीचे निवेदक, एसटी स्थानकावरचे उद्घोषक, सगळ्यांनी तो एकाच पद्धतीने म्हटला पाहिजे.

दुसरी गोष्ट भीतीची. अमेरिकेतल्या माणसाला पोलिसांची भीती असते, तशी आपल्याकडे आणखी खोल आहे, कारण आपल्याकडे आत्महत्येचा प्रयत्न हा दीर्घकाळ गुन्हाच होता. भारतीय दंड संहितेचं कलम ३०९. गावागावांत आजही माणसं हे गृहीत धरून चालतात. दवाखान्यात नेताना नातेवाईक खोटं कारण सांगतात ते त्यामुळेच. वस्तुस्थिती बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने असं गृहीत धरायला लावलं, की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं कलम उरलेलं नाही. (सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमाखाली ठेवला आहे.) हेल्पलाइनच्या किती मराठी फलकांवर हे एका ओळीत सांगितलेलं असतं? माझ्या पाहण्यात एकही आलेला नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशा ताईंनी घरोघरी जाऊन विचारपूस करण्याची कल्पना होती. या मार्गाने फोनवरचं बोलणं घरात नेता येईल. नंबराचं पत्रक हातात देण्याऐवजी ताईंनी ओसरीवर बसून, सगळ्यांसमोर, एकदा स्वतःच्या फोनवरून १४४१६ लावून दाखवावा. स्पीकर चालू ठेवावा. आधी भाषा विचारतात, मराठी निवडायची. मग माणूस बोलतो. ताईंनी त्याला सांगावं, ‘मी अमुक गावची आशा कार्यकर्ती, इथे लोक बसलेत, त्यांना तुमच्याशी कसं बोलायचं ते दाखवतेय.’ दोन मिनिटांत पलीकडचा मराठी आवाज सगळ्यांच्या कानावर पडतो. गर्दीच्या वेळी हे करू नये, खऱ्या फोनाची जागा अडते. दुपारची निवांत वेळ बघावी, आणि जमलं तर केंद्राशी आधी बोलून ठेवावं.

त्या ओसरीवर कोपऱ्यात कुणी गप्प बसलेला असेल. तो त्या वेळी काही विचारणार नाही. ताईंनीही त्याच्याकडे बघून काही बोलू नये. उठताना भिंतीवर खडूने पाच आकडे लिहावेत आणि खाली एवढंच: फोन लागला की आधी भाषा विचारतात. मराठी निवडा. मग काय बोलायचं ते सुचलं नाही, तर ‘सुचत नाही’ असं म्हणा.